झेब्राफिशच्या वर्तनाचा सामायिक डेटाबेस : प्रकल्प नोंदी

३ जून २०२५

सर्व्हर मिळाला. पोस्टग्रेस (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) बसवून झालं, रोजचा बॅकअप रात्री दोनला लावला.

काय करायचंय ते आधी स्वच्छ लिहून ठेवतो, कारण पुढे तांत्रिक गोष्टींच्या गर्दीत ते हरवायला नको. झेब्राफिश हा प्रयोगशाळांत वापरला जाणारा छोटा पट्टेरी मासा. त्याच्या जनुकांची माहिती हवी असेल तर झेडफिन आहे; अमेरिकेत ओरेगन विद्यापीठाने १९९०च्या दशकापासून तो डेटाबेस सांभाळलाय. मेंदूचा नकाशा हवा असेल तर झी-ब्रेन आहे, मॅपझेब्रेन आहे. पण मासा पोहला कसा, दचकला कधी, दिवा गेल्यावर किती वेळ सैरभैर फिरला, याचा मूळ डेटा बहुतेक वेळा ज्याने प्रयोग केला त्याच्या हार्ड डिस्कवरच पडून राहतो. पेपरात येतो तो एक आलेख आणि त्यावर दोन तारे (फरक योगायोगाचा वाटत नाही, अशी खूण). त्या आलेखामागचे ट्रॅक (मासा कुठून कुठे गेला त्याच्या नोंदी) मागायला जावं तर विद्यार्थी पीएचडी संपवून दुसऱ्या देशात गेलेला असतो.

हे मला मनापासून खटकतं. प्रत्येक प्रयोगात जिवंत मासे वापरलेले असतात. त्यांच्याकडून मिळालेली माहिती एकदाच वापरून टाकून देणं योग्य नाही.

आम्ही तीन गट आहोत: पुण्यातला आमचा, एक कोलकात्याचा, एक जर्मनीतला. तिघांचा वर्तनाचा डेटा एका साच्यात आणायचा आणि वर्षअखेरीपर्यंत बाहेरच्यांना खुला करायचा, असं ठरलंय.

९ जून

पहिली मोठी बैठक, आणि सगळा वेळ एकाच शब्दावर गेला: फ्रीझिंग. म्हणजे मासा घाबरून जागच्या जागी थिजतो ते.

आमच्याकडे वेग सेकंदाला २ मिलिमीटरच्या खाली गेला आणि सेकंदभर तसाच राहिला की फ्रीझिंग धरतात. कोलकात्याच्या गटात माणूस व्हिडिओ बघतो; कल्ले आणि डोळे सोडून काहीच हलत नसेल तरच तो बटण दाबतो. जर्मनीतल्यांनी सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून भरून आलेला आकडा तसाच ठेवलाय. तिन्ही पद्धती आपापल्या जागी चालतात. पण तिघांचे ‘फ्रीझिंग : ४० सेकंद’ एकाच स्तंभात टाकले, तर एकाने शेराने मोजावं, दुसऱ्याने किलोने, आणि आपण पोत्यांची बेरीज मांडावी, तसं होईल.

२०१३ साली झेब्राफिशच्या वर्तनाचा एक मोठा कॅटलॉग प्रसिद्ध झाला. दीडशेहून जास्त क्रियांची त्यात नावं आणि वर्णनं आहेत. नावांसाठी आम्ही तोच आधार धरणार. पण वर्णन वाचून माणसाला जे कळतं, त्याचा आकडा कॉम्प्युटरसाठी कोणीतरी ठरवावाच लागतो, आणि तो आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो.

दीदींनी (कोलकात्याच्या गटप्रमुख, आम्ही सगळे त्यांना दीदीच म्हणतो) शेवटी सरळ विचारलं, “मग फ्रीझिंग साठवायचंच कशाला? मासा कुठे होता तेवढं साठवा.”

तेच ठरलं. डेटाबेसचा पाया म्हणजे ट्रॅक: कुठल्या क्षणी मासा कुठे होता, तोंड कुठे होतं, जमल्यास शेपटीचा कोन. फ्रीझिंग, भिंतीलगत फिरणं, झटके मारत पोहणं या सगळ्या व्याख्या वेगळ्या टेबलात, कोडच्या रूपात, आवृत्ती क्रमांकासह. ज्याला आमची व्याख्या पटत नाही त्याने आपली लावावी आणि त्याच माशांवर पुन्हा मोजावं. हातानेच मोजलेला जुना डेटाही घेऊ, पण मोजणारा माणूस आहे हे त्यात लिहिलेलं असेल.

माझ्या मते प्रकल्पाचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच.

१८ जून

जागेचा हिशेब. दहा लाख पिक्सेलचा कृष्णधवल कॅमेरा सेकंदाला १०० फ्रेम घेतो तेव्हा सेकंदाला १०० एमबी तयार होतात, तासाला ३६० जीबी. हे सगळं कायमचं ठेवणं आम्हाला परवडणारं नाही. याउलट ९६ पिल्लं, सेकंदाला ३० फ्रेम, तासभर : सुमारे १ कोटी ४ लाख ओळी. प्रत्येक ओळीत दोन आकडे, म्हणजे जेमतेम ८३ एमबी.

म्हणून ट्रॅक सगळे ठेवायचे. व्हिडिओचा प्रत्येक प्रयोगातून छोटा तुकडा ठेवायचा, म्हणजे ट्रॅकिंग बरोबर झालंय का ते कोणालाही डोळ्यांनी पडताळता येईल. अख्खे व्हिडिओ ज्या त्या प्रयोगशाळेत राहतील. डेटाबेसमध्ये त्यांचा चेकसम (फाइल बदललेली नाही हे तपासायचा आकडा) आणि ठिकाण.

२४ जून

जनुकांची नावं. नावांवर विसंबायचं नाही, झेडफिनचा कायमचा क्रमांक घ्यायचा. ज्या जनुकाला जुने लोक एचयूसी म्हणतात त्याचं आजचं नाव ईएलएव्हीएल३. शिवाय आजच्या बहुतेक हाडांच्या माशांच्या पूर्वजांमध्ये अख्खा जीनोम एकदा दुप्पट झाला होता, त्यामुळे माणसाच्या एका जनुकाला इथे अनेकदा दोन जोडीदार असतात, शेवटी ‘ए’ आणि ‘बी’ लावलेले. फॉर्ममध्ये कोणी ते शेवटचं अक्षर गाळलं तर कुठलं जनुक बंद केलं होतं हे नंतर शोधता येत नाही. व्हॅलिडेटर (आलेला डेटा तपासणारा प्रोग्राम) आता क्रमांकाशिवाय म्युटंट, म्हणजे जनुक बदललेला मासा, स्वीकारत नाही.

७ जुलै

आज दिवसभर फिश रूममध्ये. कोणता फॉर्म भरून घ्यायचा हे ठरवायचं तर काम करणाऱ्यांच्या शेजारी उभं राहायला हवं.

सहा दिवसांची पिल्लं, लांबी जेमतेम ४ मिलिमीटर. रुंद तोंडाचं पिपेट पाण्यात तिरकं धरून ताई एकेक पिल्लू ९६ खणांच्या प्लेटमध्ये सोडत होत्या. पिल्लू पाण्याबरोबर आपसूक आत यायला हवं. ओढून घेतलं की ते बिचकतं आणि पुढची काही मिनिटं त्याचं वागणं बदललेलं असतं. ताईंना हे हाताला कळतं. “हे बघा, हे घाबरलंय, याला बाजूला ठेवते,” असं म्हणून त्यांनी दोन पिल्लं पुन्हा बशीत सोडली. फॉर्ममध्ये ‘प्लेट भरल्यानंतर किती मिनिटं थांबलात’ हा रकाना मी तिथेच उभ्याउभ्या घातला. ‘किती पिल्लं वगळली आणि का’ हाही.

मग तापमान. मानक २८.५ अंश सेल्सिअस, आणि सगळेच जण फॉर्ममध्ये तेच लिहितात. पण ते इनक्युबेटरचं झालं. प्लेट कॅमेऱ्याखाली जाते, खालून इन्फ्रारेड एलईडींचा प्रकाश असतो. माशांना तो दिसत नाही, प्लेट मात्र तापते. आज एका रिकाम्या खणात प्रोब ठेवून बघितलं. इनक्युबेटरचा आकडा आणि खणातला आकडा एक नव्हता. कडेचे खण आणि मधले खणही एकसारखे नव्हते. मासा थंड रक्ताचा, त्यामुळे पाण्याचं तापमान बदललं की पोहण्याचा वेगही बदलतो. तापमानाचे आता दोन रकाने : वाढवताना किती आणि प्रयोगाच्या वेळी प्लेटमध्ये किती.

ताईंचं नाव डेटाबेसच्या योगदानकर्त्यांमध्ये घालायचं, हे मी सरांशी बोललो. ते लगेच हो म्हणाले.

१६ जुलै

फ्रेम रेट (कॅमेरा सेकंदाला किती फ्रेम घेतो) सक्तीचा केला. जर्मनीतून विचारणा आली की एवढा आग्रह का. उत्तर इथेही ठेवतो.

अचानक आवाज झाला की पिल्लू इंग्रजी सी अक्षरासारखं वाकून उलट दिशेला सुटतं. यामागे पश्चमस्तिष्कातली माउथनर पेशींची एकच जोडी असते, प्रत्येक बाजूला एक. पेशीचा तंतू मध्यरेषा ओलांडून पलीकडच्या बाजूने मज्जारज्जूत उतरतो आणि तिकडचे स्नायू एकदम आखडवतो. आवाजापासून वाकायला सुरुवात होईपर्यंत साधारण १५ मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ जातो. माउथनर पेशी नष्ट केल्या तरी मासा दचकतो, फक्त उशिरा. ते दुसऱ्या पेशींचं काम.

सेकंदाला ३० फ्रेमच्या कॅमेऱ्यात दोन फ्रेममधलं अंतरच ३३ मिलिसेकंद. त्या व्हिडिओत मासा दचकला एवढं कळतं, पण लवकर की उशिरा ते कळणं शक्यच नाही. त्यासाठी ५०० ते १००० फ्रेम लागतात. त्यामुळे फ्रेम रेट ठाऊक नसेल तर ‘दचकण्याचं प्रमाण’ या आकड्याचा न्यूरोसायन्सला काही उपयोग नाही. सर्चमध्येही तसंच केलंय : कमी फ्रेम रेटचा डेटा ‘लवकर दचकणं’ शोधणाऱ्याला दाखवलाच जात नाही.

२९ जुलै

पावसामुळे दोन दिवस वीज येऊन-जाऊन. जनरेटरवर टाक्या चालल्या, मासे ठीक आहेत. फिश रूममधले दिवे मात्र रात्री मध्येच लागले. त्या रात्रीनंतरच्या प्रयोगांना ‘प्रकाशचक्र बिघडलं’ अशी खूण लावली. अशी खूण लावायची सोय सगळ्यांसाठी करून ठेवली.

१२ ऑगस्ट

पहिली खरी चाचणी. तिन्ही गटांनी एकच साधा प्रयोग केला : औषध नाही, म्युटंट नाही, सहा दिवसांची पिल्लं, ठरावीक वेळ उजेड, मग अंधार, असं आलटून पालटून. दिवा जाताच पिल्लांची हालचाल एकदम वाढते, काही मिनिटं वाढलेली राहते आणि मग हळूहळू उतरते. हा आकार तिघांकडेही दिसला. ते बघून फार बरं वाटलं. तीन ठिकाणचे ट्रॅक एकाच क्वेरीतून आले आणि एकमेकांवर बसले.

पण उंची वेगळी. कोलकात्याची पिल्लं अंधारात जास्त पळतात, आमची कमी. दोन तास कॉलवर बसून रकाने चाळले. कोलकात्यात पाचव्या दिवसापासून खाऊ घालतात, आम्ही घालत नाही. तोवर पिल्लू पोटाखालच्या बलकावर जगतं आणि पाचव्या-सहाव्या दिवसाला तो संपत आलेला असतो. शिवाय त्यांचा प्रयोग दुपारचा, आमचा सकाळचा. आणि स्ट्रेन, म्हणजे माशांचा वंशही वेगळा. यातलं नेमकं कारण कुठलं हे आजच्या डेटावरून सांगता येणार नाही. मात्र या तीन शक्यता आपल्यासमोर आहेत त्या रकान्यांमुळे, आणि पुढच्या महिन्यात एकेक बदलून बघता येईल.

वयाचा रकाना दिवसांतच हवा, ‘लार्वा’ किंवा ‘मोठा मासा’ एवढ्यावर भागणार नाही, यावरही आज एकमत झालं. पिल्लं उजेडाकडे जातात, मोठे मासे अंधाऱ्या बाजूला. वय न बघता दोघांचा डेटा एकत्र केला तर उत्तर शून्य येईल.

२१ ऑगस्ट

प्रकाशाची तीव्रता लक्समध्ये मागत होतो. हे पुरत नाही. लक्स हे माणसाच्या डोळ्याच्या मापाने ठरवलेलं एकक. झेब्राफिशच्या डोळ्यात चार प्रकारचे शंकू (रंग ओळखणाऱ्या पेशी) आहेत आणि त्यातला एक अतिनील प्रकाश बघतो. माणसाला सारखे वाटणारे दोन दिवे माशाला वेगळे दिसू शकतात. लक्स राहू दे, बहुतेकांकडे तेवढंच मीटर असतं. सोबत दिव्याचा मॉडेल क्रमांक, आणि असेल तर स्पेक्ट्रमची फाइल.

१० सप्टेंबर

मेंदूची बाजू जोडायला घेतली. माझ्यासाठी हा सगळ्यात उत्सुकतेचा भाग.

सहा दिवसांच्या पिल्लाच्या मेंदूत साधारण एक लाख न्यूरॉन असतात, आणि अंगावर रंग नसलेल्या म्युटंटमध्ये ते बाहेरून दिसतात. न्यूरॉन पेटला की चमकणारं जीकॅम्प हे प्रथिन त्यात घातलं की काम करणारा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतो. २०१३ साली अमेरिकेतल्या जनेलिया संस्थेत लाइटशीट (प्रकाशाचा पातळ पडदा टाकणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाने ८० टक्क्यांहून जास्त न्यूरॉन, दर १.३ सेकंदाला एकदा, असे टिपले होते. पाठीचा कणा असलेल्या दुसऱ्या कुठल्या प्राण्यात त्या वेळी हे जमलं नव्हतं.

आमची अडचण घड्याळाची. मेंदूचं एक पूर्ण चित्र यायला सेकंदभर किंवा जास्त लागतो, शेपटीचा कॅमेरा त्याच वेळात शेकडो फ्रेम घेतो. दोन यंत्रं, दोन कॉम्प्युटर, दोन घड्याळं. तासाभरात ती एकमेकांपासून सरकतात. शेपटी आधी हलली की न्यूरॉन आधी पेटला, हाच जर प्रश्न असेल तर या सरकण्याने उत्तर उलटंसुद्धा होऊ शकतं. म्हणून जोडीच्या डेटासाठी अट : दोन्ही यंत्रांना एकच इलेक्ट्रिक पल्स गेला पाहिजे आणि त्या पल्सची नोंद फाइलमध्ये हवी. फाइलचा साचा एनडब्ल्यूबी (न्यूरोडेटा विदाउट बॉर्डर्स). जगभर न्यूरोसायन्समध्ये तोच रुळतोय, आणि पुढे डँडीसारख्या संग्रहात डेटा न्यायचा झाला तर पुन्हा मेहनत नको.

जीकॅम्पचा प्रकारही लिहून घ्यायचा. जे पेशीच्या केंद्रकात अडकवलेलं असतं त्याचा उजेड सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो.

न्यूरॉनचं ठिकाण आमच्या मनाने द्यायचं नाही, झी-ब्रेन किंवा मॅपझेब्रेनच्या नकाशावर बसवूनच द्यायचं, आणि कुठल्या नकाशावर ते लिहायचं. हे नकाशे सहा दिवसांच्या पिल्लांचे आहेत, त्यामुळे त्याहून बऱ्याच मोठ्या माशांचा मेंदू त्यावर ताणून बसवू नये. व्हॅलिडेटर इथे अडवत नाही, फक्त इशारा देतो.

एक गोष्ट फॉर्मवर ठळक टाकली : डोकं ॲगारोजमध्ये (जेलीसारख्या पदार्थात) रोवलेलं आहे की मासा मोकळा आहे. रोवलेला मासा शेपटी हलवतो पण पुढे जात नाही. त्याच्या वागण्याची तुलना मोकळ्या माशाशी करताना हे डोळ्यांसमोर असलंच पाहिजे.

२६ ऑक्टोबर

आज युरोपात घड्याळं तासभर मागे गेली. पुणे आणि जर्मनीतलं अंतर साडेतीन तासांवरून साडेचार झालं. प्रश्न बैठकीच्या वेळेचा नाही, माशांचा आहे. फिश रूममध्ये १४ तास उजेड, १० तास अंधार. दिव्यांचा टायमर घड्याळाबरोबर सरकला की नाही? तिथल्या विद्यार्थिनीने तातडीने जाऊन बघितलं : एका खोलीतला टायमर आपोआप सरकतो, दुसऱ्या खोलीतला नाही.

प्रत्येक प्रयोगाला आता दोन वेळा. एक जागतिक प्रमाणवेळ, दुसरी ‘दिवे लागल्यापासून किती तास’. माशाच्या दृष्टीने खरी दुसरीच. जुन्या डेटात ती भरायला तिन्ही गटांना मदत करतोय. दिव्यांच्या टायमरची सेटिंग शोधावी लागतात, वेळ खातं, पण झोपेवर काम करणाऱ्यांना त्याशिवाय हा डेटा वापरताच येणार नाही.

१४ नोव्हेंबर

दीदींच्या गटाने पूर्वेकडच्या ओढ्यांतून आणलेल्या माशांचा डेटा पाठवला. आनंद झाला, आणि त्याचं कारण लिहून ठेवावंसं वाटतं.

हा मासा आपल्या उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. भारत, बांगलादेश, नेपाळ इथल्या संथ ओढ्यांत, भाताच्या खाचरांत तो राहतो. पण प्रयोगशाळांत जगभर जे चालतात ते एबी आणि टीयू हे स्ट्रेन परदेशातल्या शोभेच्या माशांच्या दुकानांतून आलेले आणि पिढ्यान् पिढ्या टाक्यांत वाढलेले. त्यात नुसता भित्रेपणा-धीटपणा बदलला असं नाही. २०१४ साली असं दिसलं की नैसर्गिक स्ट्रेनमध्ये नर-मादी ठरवणारा गुणसूत्र ४ वरचा भाग एबी आणि टीयूमध्ये उरलेलाच नाही. इतकी मोठी गोष्ट जर टाकीत हरवू शकते, तर वर्तनातलं काय काय हरवलं असेल हे शोधायला रानातले मासे लागणारच, आणि ते शोधणं आपल्याला इथे बसून शक्य आहे.

स्ट्रेनच्या रकान्यात नुसतं ‘वाइल्ड टाइप’ लिहिलेलं आता चालणार नाही. तो शब्द दुकानातल्या वंशालाही लावतात आणि ओढ्यातल्या माशालाही. रानातल्या माशासाठी वेगळे रकाने : कुठल्या ओढ्यातून, कुठल्या महिन्यात, पाण्याचं तापमान, बंदिवासात किती दिवस, की टाकीत जन्मलेली पहिली पिढी. मासे देशाबाहेर द्यायचे झाले तर जैवविविधता कायद्याखालची परवानगी वेगळी. तिचा रकानाही ठेवला.

डेटात नव्या टाकीची चाचणी आहे. मासा नव्या टाकीत सोडला की तो आधी तळाशी जातो आणि मिनिटामिनिटाने वर यायला लागतो. पहिलाच ट्रॅक उघडून बघितला : सहा मिनिटांत हा मासा एकदाच वर आला, पृष्ठभागाला तोंड लावून लगेच खाली. नुसती सरासरी साठवली असती तर ती एक फेरी दिसलीच नसती.

२७ नोव्हेंबर

परवान्यांवर चर्चा. ट्रॅक आणि रकान्यांतली माहिती सीसी झीरो, म्हणजे कोणालाही मुक्त. व्हिडिओ सीसी बाय, म्हणजे श्रेय देऊन वापरायला मोकळे. जर्मन गटाला भीती होती की त्यांच्या विद्यार्थिनीचा पेपर यायच्या आधी दुसरंच कोणी तिच्या डेटावर पेपर काढेल. रास्त आहे, विद्यार्थ्यांच्या कष्टांचं मोल राहिलं पाहिजे. वर्षभर डेटा बंद ठेवता येईल, पण तो आहे हे यादीत दिसेल, आणि मुदत संपली की आपोआप उघडेल. मुदत वाढवून मिळणार नाही.

प्राणीप्रयोग समितीच्या मंजुरीचा क्रमांकही सक्तीचा. युरोपच्या नियमांत स्वतः खायला लागण्याआधीची पिल्लं येत नाहीत, म्हणून पाच दिवसांपर्यंतच्या पिल्लांसाठी तिकडून आलेल्या डेटात तो रकाना रिकामा चालेल.

१५ डिसेंबर

खुला केला. दुपारनंतर बाहेरच्या एका गटाचा पहिला अपलोड आला : मोठे मासे, उजेड-अंधाराची चाचणी. व्हॅलिडेटरने दोन जागी अडवलं, टाकीच्या भिंतींचा रंग आणि दिवे लागल्यापासूनचे तास. त्यांनी तासाभरात दोन्ही भरून पाठवले आणि विचारलं की टाकीच्या तळाचा रंग वेगळा असेल तर कुठे लिहायचा. असा रकाना नव्हता. आज घातला.

संध्याकाळी एका विद्यार्थ्याची क्वेरी लॉगमध्ये दिसली : सहा दिवसांची पिल्लं, खाऊ न घातलेली, ५०० फ्रेमच्या वर, आवाजाने दचकवलेली. आमचे आणि जर्मनीचे मिळून ट्रॅक निघाले. कोलकात्याचे आले नाहीत, कारण त्यांच्या पिल्लांना खाऊ घातला होता. उत्तर बरोबर आलं. जानेवारीसाठी बाकी : थव्याने पोहणाऱ्या माशांचे ट्रॅक (प्रत्येक माशाची ओळख शेवटपर्यंत टिकते का ते तपासायचं), औषधांच्या प्रयोगात डीएमएसओचं (औषध ज्यात विरघळवतात त्या द्रवाचं) प्रमाण सक्तीचं करणं, आणि ताईंनी मागितलेला मराठी फॉर्म.